दोन दिवस ताडोबाच्या रानात

वाचकहो, आपल्या घरची माणसे सहलीला निघतात ती बहुधा देवाला. शेगाव, माहूर, पंढरपूर, फार झाले तर तिरुपती. नुसते जंगल पाहायला पैसे घालवायचे म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. आमच्याकडेही तेच झाले. ‘रोही आणि रानडुकरे वावरात येऊन पीक खातात ते कमी आहे का, की आणखी जंगल पाहायला निघालात?’ असे हे म्हणाले. त्यांना गप्प केले ते सासूबाईंनी. त्यांची सत्तरी उलटली आहे. ‘जन्मभर गोष्टीतच वाघ ऐकला, एकदा डोळ्यांनी पाहू द्या,’ एवढेच त्या बोलल्या. माझ्या नणंदबाई दिल्या आहेत चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या जंगलाला लागून. तेव्हा लेकीकडे मुक्काम आणि वाघाचे दर्शन, असा दुहेरी बेत ठरला.

तुमच्या मनात असा बेत असेल तर पहिली गोष्ट वेळेची. आपली सुट्टी पीक ठरवते. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या धांदलीत घर सोडता येत नाही. हरभरा खळ्यावरून घरात आला, गव्हाला अजून अवकाश आहे, असा फेब्रुवारीअखेरचा आठवडा आम्हाला सोयीचा पडला. त्या वेळी पहाटे चांगलीच थंडी असते, पण दुपार सोसवते. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत जास्त. नाले आटतात, झाडोरा विरळ होतो आणि जनावरे उरल्यासुरल्या पाणवठ्यावर येतात. पण चंद्रपूरचे ऊन म्हणजे पारा ४५ अंशांच्या वर. उघड्या गाडीत म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना ते झेपत नाही. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जंगलाचा आतला भाग बंद असतो. आठवड्यातून मंगळवारीही तो बंद असतो, हे ध्यानात ठेवा. मंगळवारी पोचून फाटकावरून परत फिरलेली मंडळी आम्ही ऐकली आहेत.

शनिवार-रविवारी शहरची गर्दी उसळते आणि शुल्कही वाढीव असते. मुलांची शाळा बुडवायची नाही म्हणून आम्ही शनिवार-रविवारच गाठला आणि खिशाला चाट बसली. तुम्हाला बुधवार-गुरुवार जमत असेल तर खुशाल तो धरा.

आता ताडोबा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातले हे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ चे. पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतला गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याला वेढून त्याहून मोठा बफरचा पट्टा आहे, आणि त्यात जंगलही आहे, गावेही आहेत, शेतेही आहेत. आत जायला निरनिराळी फाटके आहेत. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली जवळ; रेल्वेने चंद्रपूरला उतरून तिकडे जाता येते. नागपूरहून उमरेड-चिमूरच्या वाटेने येणाऱ्यांना कोलारा किंवा नवेगावचे फाटक बरे. मुक्काम ज्या फाटकाजवळ, फेरीही त्याच फाटकाची घ्या. एका फाटकापासून दुसरे तास-दीड तासाच्या अंतरावर असू शकते आणि पहाटेच्या अंधारात ती धावपळ नको.

फेरीची नोंदणी आधी करावी लागते. ती संगणकावर किंवा मोबाईलवर होते. गावातल्या सेतू केंद्रातला शिकलेला पोरगा करून देईल. नोंदणी वनखात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करावी, मधल्या माणसाच्या हाती पैसे देऊ नयेत. एका उघड्या जिप्सीत सहा माणसे बसतात, शिवाय चालक आणि वाटाड्या, म्हणजे गाईड. खर्च एका फेरीला काही हजारांत जातो, म्हणून सहाच्या सहा जागा भरल्या की माणशी भार हलका होतो. आम्ही दोघे, दोन मुले, सासूबाई आणि नणंदेचा मुलगा असे बरोबर सहा झालो. वाघाच्या शेजारी वाढलेला तो पोरगा, पण फाटकाच्या आत पहिल्यांदाच चालला होता! गाभ्याची नोंदणी मिळाली नाही तर नाराज होऊ नका. बफरमधल्या फेऱ्या स्वस्त पडतात, वाघ तिथेही दिसतो, आणि त्यांतली काही फाटके पावसाळ्यातही सुरू असतात.

आता माझी फजिती ऐका. नोंदणी करताना ज्या ओळखपत्राचा नंबर लिहिला, तेच अस्सल ओळखपत्र फाटकावर दाखवावे लागते. मी सगळ्यांची आधार कार्डे डब्यात घातली आणि सासूबाईंचे राहिले देवघरातल्या पोथीत. जवळ त्यांचे मतदान ओळखपत्र होते, पण नोंदणी आधारवर. फाटकावरचा माणूस सभ्यपणे बोलला, पण नियमापुढे त्याचाही इलाज नव्हता. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच म्हातारी फाटकाबाहेर राहिली आणि आम्ही पाच जण आत गेलो. पैसे गेले ते गेलेच. चूक सर्वस्वी माझी. पुतण्याने कार्ड शेवटच्या एसटीने आणून पोचवले म्हणून दुसऱ्या दिवशीची फेरी तरी साधली. तेव्हा कार्डे आदल्या रात्री एकेक करून हाताने मोजा, आणि एक फेरी घेण्यापेक्षा दोन घ्या.

त्या पहिल्या दुपारी आम्हाला वाघ दिसला नाही. मुले हिरमुसली, पण मी मात्र रमले. आपण साग, मोह, टेंभुर्णी लहानपणापासून ओळखतो. इथे ती झाडे कुऱ्हाडीच्या भीतीशिवाय वाढलेली पाहायला मिळतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. कांडोळाचे पांढरे खोड संध्याकाळच्या उजेडात असे चमकते की पोरे भूत म्हणून ओरडली. रानगव्यांचा कळप बांबूत उभा होता. आपला खिल्लारी बैल त्यापुढे वासरू वाटावा. चितळे तर शेळ्यांसारखी जागोजागी. ताडोबाच्या तलावाकाठी मगर ऊन खात पडली होती. या तलावाकाठीच मोठ्या झाडाखाली तारू देवाचे ठाणे आहे. तारू हा गोंडांच्या गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी कथा आहे. त्याच्याच नावावरून ताडोबा. पौष महिन्यात तिथे आदिवासी बांधवांची जत्रा भरत आली आहे.

आमची गाईड मुलगी तिथल्याच गावची. नऊवारीतल्या आजीची नात, अंगात खाकी गणवेश. ताडोबात अशा कितीतरी बाया-मुली हे काम करतात. तिने मुलांना कान द्यायला शिकवले. वानर झाडावरून खाकरले, चितळाने तीक्ष्ण हाक दिली की समजावे, वाघ किंवा बिबट्या जवळपास आहे. सांबर ओरडले तर बहुधा खात्रीच. म्हणून गाडीत गप्पा नकोत. मोबाईल ताडोबात आत नेऊ देत नाहीत, ते उत्तमच आहे. गाडीतून उतरायचे नाही, खायचे नाही, काही टाकायचे नाही. अंगावर मातकट किंवा हिरवट कपडे, तोंडाला बांधायला उपरणे, पहाटेसाठी घोंगडी किंवा शाल, स्टीलच्या बाटलीत पाणी, एवढे पुरे. रस्ता हादऱ्यांचा आहे. कंबरदुखीच्या माणसाला मागच्या बाकावर बसवू नका, आणि निघण्याआधी सगळ्यांना मोकळे होऊन यायला सांगा.

नणंदबाईंनी आल्याआल्याच टोमणा मारला होता. ‘वहिनी, पैसे देऊन वाघ पाहाले आल्या का? आमच्या वावरात बसा, फुकटात दिसते!’ सगळे हसले. रात्री जेवणे झाल्यावर मात्र हसण्यासारखे काही उरले नाही. मागच्या वर्षी त्यांची दुभती गाय जंगलाच्या कडेला वाघाने मारली होती. त्यांनी वनखात्याला लगेच खबर दिली, पंचनामा होईपर्यंत गाय जागची हलवली नाही, म्हणून भरपाई हाती आली. तुमच्यापैकी जे जंगलाजवळ राहतात त्यांनी एवढे नक्की ध्यानात ठेवावे. पण भरपाईने दुसऱ्या दिवशीचे दूध येत नाही, असे नणंदबाई म्हणाल्या.

माणसांचे तर त्याहून कठीण. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटे अंधारात निघावे लागते, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला. वाकून काम करणारे माणूस वाघाला जनावरासारखे भासते, असे जाणकार सांगतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मृताच्या घराला सरकार २५ लाख रुपये देते. दुसरीकडे वाघ वाढत आहेत. महाराष्ट्रात २०१८ च्या गणतीत ३१२ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा वाघ उरतो की नाही, हीच काळजी होती. वाघीण साडेतीन महिन्यांत विते आणि पिल्ले दोन वर्षांची झाली की स्वतःचे रान शोधत बाहेर पडतात. गाभा भरला की ती जाणार कुठे? नणंदबाईंच्या गव्हाच्या बांधावरूनच.

त्या रात्री थ्री-फेजची लाईन दहा वाजता आली. गव्हाला शेवटचे पाणी होते. नंदोई बॅटरी, काठी आणि दोन शेजारी घेऊन मोटर चालू करायला निघाले. दिवसा वीज का मिळत नाही, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. पण इथे तो जिवाशी गाठ घालतो. सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या. दोन वाजता कवाड वाजले तेव्हा कुठे त्या आडव्या झाल्या, आणि साडेचारला आम्हाला उठवायलाही त्याच पुढे.

पहाटेच्या फेरीत देवाने दिले. फाटकातून शिरून तासभर झाला असेल. वानर खाकरले, गाईडने हात वर केला, चालकाने गाडी थांबवली. बांबूतून वाघीण निघाली आणि सरळ रस्त्याने आमच्या पुढून चालू लागली. घाई नाही, आमच्याकडे पाहणे नाही, जणू सकाळी आपले वावर बघायला निघालेली मालकीण. दहा मिनिटे आमची गाडी तिच्यामागे हळूहळू सरकत होती. मुलांनी श्वास धरला होता. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले होते आणि डोळ्यांतले पाणी त्या पुसतही नव्हत्या. मग एका नाल्यापाशी ती वळली आणि गवतात नाहीशी झाली.

घरी पोचलो तेव्हा नणंदबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मुले धावत आत शिरली, ‘आत्या, वाघीण पाहिली, अगदी जवळून!’ त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि आपल्या पोराकडे वळून विचारले, ‘कोन्या अंगाले गेली?’

पोराने हात केला. नणंदबाईंनी त्या दिशेला क्षणभर पाहिले, मग म्हणाल्या, ‘मग आज गुरे तिकडे नको नेऊ,’ आणि भाकरी उलटली.