दिवसाला ताल देणारा सोबती

सकाळी घरातली माणसे कामाला निघतात. कुणी खाडी ओलांडून मुंबईला, कुणी ठाण्याला. दार लागते आणि नेरूळ, सानपाडा, ऐरोलीतल्या कित्येक घरांत मागे उरतात ती वडीलधारी मंडळी. त्यांतली अनेक गिरगाव-परळच्या चाळींतून येथे आलेली. चाळीत एका घरचा रेडिओ साऱ्या गॅलरीला ऐकू येई. येथे बंद दाराआड दहा वाजले काय आणि बारा वाजले काय, सारखेच! दिवसाचा आकार असा हरवला की जेवण लांबते, दुपारची झोप वाढते आणि रात्रीची उडते. अशा वेळी जुना रेडिओ पुन्हा जवळ करून पाहावा.

त्याच्याशी आपले नाते जुनेच आहे. मुंबई केंद्राचे प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तर विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे ५६ गीतांतून उलगडले. ठरलेल्या वेळी ठरलेले ऐकणे, हीच रेडिओची शिस्त; आणि उतारवयात ती फार उपयोगी पडते.

सकाळी ‘भूले बिसरे गीत’ लागले की खुर्चीत बसून हातापायांच्या हलक्या हालचाली कराव्यात. ‘संगीत सरिता’मधून एखाद्या रागाची ओळख करून घ्यावी. मराठी ऐकावेसे वाटले तर मुंबईची अस्मिता वाहिनी आहेच. बातम्या सुरू होताच उठावे, घोटभर पाणी प्यावे, घरातच एक फेरी मारावी. संध्याकाळी ‘जयमाला’, मग ‘हवामहल’मधली नाटिका आणि निजण्यापूर्वी ‘छायागीत’. मात्र प्रसारणाच्या वेळा बदलू शकतात. म्हणून औषधांसाठी घड्याळावरच विसंबावे.

सेवा करणाऱ्यांसाठी चार शब्द. स्मृतिभ्रंशात ताज्या घटना पुसल्या गेल्या तरी तरुणपणीची गाणी पुष्कळदा टिकून राहतात. तिन्हीसांजेला अशा रुग्णाची घालमेल वाढत असेल, तर त्याच्या आवडीचे गाणे मंद आवाजात लावून पाहावे. “ओळखा पाहू कोणाचे?” अशी परीक्षा घेऊ नये, आपणच सोबत गुणगुणावे. जेवताना किंवा बोलताना संच बंद ठेवावा, कारण गोंगाटाने गोंधळ वाढतो. आवाज दिवसेंदिवस वाढवावा लागत असल्यास रागावण्याऐवजी कानांची तपासणी करून घ्यावी.

इमारतींच्या काँक्रीटमुळे मध्यम लहरींवरचे केंद्र खरखरते. संच खिडकीशी ठेवून हळूहळू फिरवावा. एका दिशेला आवाज स्वच्छ होतो. तेही न साधल्यास प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एआयआर’ हे अ‍ॅप मोबाइलवर घ्यावे आणि ते कसे लावायचे, हे मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

मात्र रेडिओ बोलतो, ऐकत नाही. ते काम घरच्यांचेच. संध्याकाळी परतल्यावर चपला काढता काढता एवढेच विचारावे, “आज काय ऐकलंत?” उत्तर लांबले तरी पूर्ण ऐकावे. दिवसभरात त्यांनी साठवलेले ते गाणे, ती नाटिका तुम्हाला सांगण्यासाठीच जपून ठेवलेली असते.