गॅमेस आज्ञावलीचे टर्मिनलवरून इन्स्टॉलेशन व पडताळणी

कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत, तेथे रेणूंच्या ऊर्जेचे गणन करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकासमोर पहिला प्रश्न परवान्याच्या किमतीचा असतो. 'गॅमेस' ही आज्ञावली नोंदणीनंतर विनामूल्य मिळते. १९७७ मध्ये अमेरिकेत तिचा आरंभ झाला व पुढे आयोवा स्टेट विद्यापीठात मार्क गॉर्डन यांच्या गटाने ती वाढविली. महाराष्ट्राला ती परकी नाही. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोठ्या रेणूचे तुकडे करून गणन करण्याची 'मॉलिक्युलर टेलरिंग' पद्धत मांडली. तुकड्यांच्या गणनासाठी पुढे गॅमेसचाच उपयोग झाला.

गॅमेस मूळ फोर्ट्रान संहितेच्या स्वरूपातही मिळते. ती लिनक्सवर संकलित करावयाची असल्यास टर्मिनल टाळता येत नाही. 'कॉन्फिग' ही आज्ञा संगणकाचा प्रकार, फोल्डर, कंपायलर व गणिती लायब्ररी विचारते. कंपायलरची आवृत्ती अंदाजाने न सांगता आधी तपासून घ्यावी. त्यानंतर 'कॉम्पडीडीआय', 'कॉम्पऑल' व 'एलकेईडी' या आज्ञा क्रमाने दिल्या की आज्ञावली तयार होते.

खरी अडचण पुढे आहे. 'रनजीएमएस' या फाईलमध्ये तात्पुरत्या फाईल्सची जागा स्वतः लिहावी लागते व बहुतेकांचे दुर्लक्ष नेमके येथे होते. पारंपरिक पद्धतीत इलेक्ट्रॉन-प्रतिकर्षणाची समाकले डिस्कवर साठविली जातात. त्यांची संख्या आधार-फलनांच्या चौथ्या घाताने वाढते. फलने दुप्पट झाली की फाईल सुमारे सोळापट होते. लहान विभाजनावर जागा दिली असेल, तर पाण्याचा रेणू सुरळीत पार पडतो आणि मोठा रेणू मध्यरात्री डिस्क भरून थांबतो. अशा वेळी मोठी डिस्क द्यावी, अथवा 'डिरएससीएफ' हा पर्याय वापरून समाकले प्रत्येक फेरीत नव्याने काढावीत.

आज्ञावली सुरू झाली म्हणजे इन्स्टॉलेशन संपले, हा समज घातक आहे. सोबत चाळीसहून अधिक नमुना उदाहरणे येतात. ती सर्व चालवून त्यांची उत्तरे दिलेल्या प्रमाण उत्तरांशी ताडून पाहावीत. शोधनिबंधात जाणारा प्रत्येक आकडा या पडताळणीवर उभा असतो. मात्र येथे एक विवेक हवा. हायड्रोजन अणूची अचूक ऊर्जा −०.५ हार्ट्री आहे; एसटीओ-३जी आधारसंच −०.४६६६ देतो. ही तफावत आधारसंचाच्या मर्यादेची आहे, इन्स्टॉलेशनची नव्हे.

वीज गेल्यामुळे गणन तुटल्यास 'डॅट' फाईल प्रथम सुरक्षित ठेवावी. तीत ऑर्बिटल्स नोंदले गेले असतील, तर तो 'वेक' गट नव्या इनपुटमध्ये घालून तेथून प्रारंभ करता येतो. जुनी 'डॅट' फाईल जागेवर असताना 'रनजीएमएस' काम नाकारते. नवख्या विद्यार्थ्याला तो दोष वाटतो आणि तो फाईल पुसून टाकतो. वस्तुतः ती फाईल वाचावी म्हणूनच हा अडसर ठेवलेला आहे.