कमरेचं ‘नऊ एमएम’ आणि त्याचा भरवसा

संभाजीनगरहून बीडकडे निघालं की धुळे-सोलापूर महामार्गावर पाचोड लागतं. पैठण तालुक्यातलं हे मोसंबीच्या बाजाराचं गाव. महामार्गावरचं ठाणं म्हटलं की नाकाबंदी आली, रात्रगस्त आली आणि उन्हाळ्यात सगळ्यावर बसणारा फुफाटाही आला. मराठवाड्यातल्या अशा ठाण्यांत फौजदाराच्या कमरेला जे पिस्तूल दिसतं, त्याला पोलिसांत नुसतं ‘नऊ एमएम’ म्हणतात. ते बाळगायचं रोज, आणि झाडायची वेळ अख्ख्या नोकरीत एखादीच, नाहीतर तीही नाही. त्या एका वेळी ते चालेल का? पिस्तुलाबद्दल विचारण्यासारखा याहून मोठा प्रश्न मला दिसत नाही.

सरकारी कागदावर त्याचं नाव ‘पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए’. ते पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत घडतं. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा. 1926 मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात काम करता करताच ब्राउनिंग गेला. अपुरं राहिलेलं काम द्यूदोने सेव्ह याने तडीस नेलं आणि 1935 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारलं. दुहेरी रांगेत 13 काडतुसं मावणारं मॅगझिन ही सेव्हची करामत. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्याने ते कॅनडा आणि चीनसाठी बनवलं. इशापूरचं पिस्तूल याच इंग्लिस घराण्यातलं.

हे घराणं किती टिकाऊ आहे, याचा पुरावा कॅनडातच आहे. युद्धाच्या अखेरच्या काळात बनलेली ही पिस्तुलं तिथल्या सैन्याने थेट 2022 नंतर बदलायला घेतली. नवे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर निकामी पिस्तुलांचे भाग काढून बाकीची चालू ठेवली होती. पाऊणशे वर्षं! चांगलं पोलाद तेलपाण्यावर दोन पिढ्या सहज काढतं. भरवशाचं मात्र तसं नाही. तो पोलादाबरोबर आपोआप येत नाही.

त्याचं कारण या यंत्राच्या चालण्यातच आहे. चाप ओढला की गोळी सुटते आणि तिच्या धक्क्याने नळी व वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत किंचित मागे सरकतात. मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड सुटी होऊन मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, घोडा चढवते. स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि येता येता ती मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. रिव्हॉल्व्हरचं एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात तसं होत नाही. इथे एक कडी चुकली की पुढचं सगळं थांबतं. फुसकं काडतूस हाताने स्लाइड ओढूनच काढावं लागतं.

बहुतेक वेळा चुकतं ते मॅगझिन. पत्र्याची ती साधी डबी पडली, आपटली की तिचे वरचे ओठ जरासे वाकतात. काडतूस तिरकं वर येतं आणि नळीच्या तोंडाशी अडतं. आतली स्प्रिंग मेली असेल तर काडतूस वेळेवर वर येतच नाही. दुसरा दोष तेलाचा. कोरडं पिस्तूल अडखळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तेलाने माखलेलं पिस्तूल फुफाट्यात आणखी वाईट, कारण तेल आणि धूळ मिळून चिकट लेप तयार होतो. आमच्याकडच्या हवेत चिंधीने पुसून राहील तेवढंच तेल पुरे. तिसरा दोष हाताचा. मनगट सैल पडलं तर धक्का हातातच जिरतो, स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. आणि चौथा दोष जुन्या किंवा ओल लागलेल्या काडतुसांचा.

म्हणून पिस्तुलाची परीक्षा झाडूनच होते. मार्च 1911 मध्ये अमेरिकेत ब्राउनिंगच्याच कोल्ट पिस्तुलातून दोन दिवसांत 6000 गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ते एकदाही अडलं नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल 37 वेळा अडलं.

उलट टोकाला गावठी पिस्तूल. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं उमर्टी त्यासाठी बदनाम आहे आणि महाराष्ट्रात पकडलेल्या अनेक हत्यारांचा माग तिथे पोहोचतो. वरून ते कारखान्यातल्या पिस्तुलासारखं चकचकीत दिसतं, पण त्याचं पोलाद कोणी तपासलेलं नसतं, नळीची दाब-चाचणी झालेली नसते. ते चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतं.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेलं ग्लॉक आज एनएसजीकडे आहे. त्याचा सांगाडा प्लॅस्टिकचा, त्यामुळे ते हलकं आहे आणि गंजायला भागही कमी. चांगलं हत्यार आहे, यात वाद नाही. पण त्यालाही मॅगझिन आहे, स्प्रिंग आहे आणि धरणारं मनगट आहे. नवीन खरेदी झाली म्हणजे प्रश्न सुटला, असं मानणं मला धोक्याचं वाटतं. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने पोलिसांचा गोळीबार सराव काडतुसांच्या तुटवड्यामुळे थांबल्याची नोंद केली होती. ज्या राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे, त्या राज्यातली ही गोष्ट.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक मॅगझिनवर नंबर घाला. संशय आला ते मॅगझिन सरावाला ठेवा, कमरेला लावू नका. स्प्रिंगा मोडायची वाट न पाहता ठरल्या मुदतीला बदला. आणि सरावाच्या दिवशी मैदानावरचं दुसरं पिस्तूल हातात न देता, पाचोडच्या फौजदाराला त्याच्याच कमरेचं पिस्तूल, त्याच्याच मॅगझिनसकट झाडू द्या.