ओळखीचा डास, अनोळखी ताप

वसईची खाडी, मिठागरे, तिवरांचे पट्टे आणि उत्तनचा किनारा यांच्यामध्ये वसलेल्या मीरा-भाईंदरला तुंबलेले पाणी, डास आणि पावसाळ्यातील तापाच्या साथी नव्या नाहीत. हे शहर स्वतःच उष्णकटिबंधात, म्हणजे कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्यामधील पट्ट्यात, मोडते. त्यामुळे नोकरी-व्यवसायासाठी नायजेरिया, टांझानिया किंवा काँगोत राहायला जाणाऱ्या येथील माणसाला तिकडच्या हवेचे विशेष काही वाटत नाही. मात्र सवय हवेची होते, परक्या रोगजंतूंची नव्हे. आणि हा फरक लक्षात न घेतल्यास तो जिवावर बेतू शकतो.

हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे, उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भारतात हा आजार प्रामुख्याने ‘व्हायवॅक्स’ व ‘फाल्सीपेरम’ या दोन परजीवींमुळे होतो, तर आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस फाल्सीपेरमचे प्राबल्य असून, तोच मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारा गंभीर आजार घडवतो. मुंबई परिसरात हिवताप पसरवणारा ‘ॲनोफिलीस स्टीफेन्सी’ डास गच्चीवरील टाक्या व पिंपांत वाढतो, म्हणून येथे टाकीचे झाकण घट्ट बसवण्यावर भर असतो. आफ्रिकेतील ‘ॲनोफिलीस गॅम्बी’ मात्र उन्हातल्या साध्या डबक्यांत वाढतो आणि प्रामुख्याने रात्री, माणूस झोपेत असताना चावतो. तेथे टाकी झाकणे पुरेसे नसते. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घेणे आवश्यक ठरते. या गोळ्या प्रवासापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यानंतरही, औषधानुसार एक ते चार आठवडे, चालू ठेवाव्या लागतात. घरी पोहोचताच त्या सोडून देणे ही नेहमी होणारी चूक होय.

पीतज्वराची, म्हणजे ‘यलो फीवर’ची, गोष्ट आणखी वेगळी आहे. डेंग्यू पसरवणारा दिवसा चावणारा ‘एडिस’ डास हाच त्याचाही वाहक असला, तरी आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत आढळणारा हा विषाणू भारतात रुजलेला नाही. तो येथे शिरू नये म्हणून बाधित देशांतून वैध प्रमाणपत्राविना येणाऱ्यांना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. १९३०च्या दशकात मॅक्स थायलर यांनी विकसित केलेली ‘१७डी’ ही लस मुंबईतील विमानतळ व बंदर आरोग्य संघटनांसह केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते; तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते आणि जुलै २०१६पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस असल्यामुळे गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले, साठीपुढील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांनी आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

तळ्यात डुंबणे कोकणात निरुपद्रवी मानले जात असले, तरी व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवरात ते तसे नाही. तेथील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म अळ्या अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात आणि ‘शिस्टोसोमायसिस’ हा आतडी, यकृत वा मूत्राशयाला इजा करणारा कृमिरोग घडवतात. भारतात हा रोग जवळजवळ अपरिचित असल्याने पुढे लघवीतून रक्त गेले, तरी त्याचा संबंध त्या पोहण्याशी सहसा जोडला जात नाही. रोगांखेरीज रस्ते अपघात हेही परदेशातील मृत्यूंचे एक मोठे कारण असल्याने रात्रीचा लांबचा प्रवास टाळणे, पट्टा वा हेल्मेट वापरणे आणि परदेशातील उपचारांचा खर्च देणारा विमा आधीच घेणे शहाणपणाचे ठरते, कारण येथील अनेक आरोग्यविमा योजना देशाबाहेर लागू होत नाहीत.

म्हणून जाणाऱ्याने प्रस्थानाच्या किमान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, आणि परतलेल्याने पुढील वर्षभरात केव्हाही ताप आला, तर तो पावसाळी ताप समजून अंगावर न काढता त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी व आपण कोणत्या देशातून आलो हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, सर्वांत आधी सांगावे. फाल्सीपेरममध्ये उपचारांना लागलेला एकदोन दिवसांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. वेळीच निदान झाल्यास मात्र हा आजार पूर्णपणे बरा होतो.