फडातली पोरं आणि शाळेचा पट



गळीत हंगाम सुरू झाला की भिगवण परिसरात बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. रानात कोपी उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि गावी पोरं सांभाळायला कोणी असेलच असे नाही. म्हणून तीही बरोबर येतात.

आता जरा हिशेब मांडू. शाळा जूनच्या मध्यावर भरते. टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, ती परतते मार्च-एप्रिलला. म्हणजे पोराच्या पदरात पहिले सत्र पडते आणि दुसरे सबंध सत्र फडात जाते. असे दोन-तीन हंगाम गेले की वर्ग पुढे सरकतो आणि पोर मागे राहते. चौथीत बसलेल्याला दुसरीचा धडा अडतो. मग त्याला लाज वाटते आणि शाळा सुटते ती कायमची. पोर मठ्ठ नसते, त्याला वर्षच अर्धे मिळालेले असते. थोरली मुलगी तर धाकट्याला कडेवर घेऊन कोपीवरच अडकते.

यावर कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला त्यात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वर्ष निम्मे सरले, तरी सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागचा अभ्यास खास शिकवून भरून काढायचा, अशी त्यात तरतूद आहे. पण हे कोपीवर जाऊन सांगणार कोण?

ते आपणच सांगू शकतो. आपल्या उसाला तोड आली की एवढे करावे :

१) टोळीत शाळेच्या वयाची पोरं किती, हे मुकादमाला विचारावे.

२) त्यांची नावे जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना कळवावीत.

३) पोरांच्या डोक्यावर मोळी दिसली, तर तिथेच हटकावे.

टोळी गावी परतताना इथल्या हजेरीचा दाखलाही पोराच्या हाती पडला पाहिजे. नाहीतर तिकडे इथली मेहनत पाण्यात.

उजनीच्या पाण्यात आपल्यापैकी कित्येकांची घरेदारे गेली. बिऱ्हाड पाठीवर घेणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्यांच्या पोरांच्या हाती पाटी राहावी, एवढे आपण नक्कीच पाहू शकतो.