घरगुती प्रवाळपात्र आणि सागरजलाचे रसायन

विष्णुपुरीपासून समुद्राचा सर्वांत जवळचा किनाराही चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथे उपलब्ध असलेले पाणी एकतर गोदावरीचे, नाहीतर काळ्या कातळात खणलेल्या विहिरींचे, दोन्ही गोडे. अशा ठिकाणी बैठकीच्या खोलीत काचपात्र मांडून त्यात सागरी मासे व प्रवाळ पाळता येतील काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी निव्वळ हौसेचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात सागरी रसायनशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत आणि त्या सिद्धांताची मर्यादा, अशा दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

मुंबईस १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते समुद्राच्या काठावर. लंडनमधील ॲना थिन या विदुषीला ती सोय नव्हती. १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळ त्यांनी आपल्या घरी जगविले. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे काम घरातील मोलकरणीकडे होते. (या शास्त्राच्या इतिहासात त्या मोलकरणीचाही वाटा मानावयास हरकत नाही.) पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी अवघे चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम सागरजल तयार केले. हे कसे शक्य झाले, याचा उलगडा डिटमार यांच्या १८८४ मधील पृथक्करणाने झाला. ‘चॅलेंजर’ जहाजाने निरनिराळ्या समुद्रांतून आणलेल्या ७७ नमुन्यांत एकूण क्षारता कमीअधिक होती. परंतु प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण मात्र जवळजवळ स्थिर होते. क्षारांत वजनाने क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०.६, सल्फेट ७.७ आणि मॅग्नेशियम ३.७ टक्के असते. अर्थात, दर लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने १०० लिटर शुद्ध पाण्यात साडेतीन किलो योग्य मिश्रण विरघळविले की समुद्र विष्णुपुरीसही अवतरतो.

माशांपुरता प्रश्न येथे बहुतांशी सुटतो. त्यांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची पात्रात वाढ होण्यास काही आठवडे लागतात. तोवर धीर धरला नाही, तर मासे दगावतात. नवशिक्यांचे बहुतेक अपयश याच घाईतून येते.

प्रवाळाची गोष्ट निराळी आहे. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा बांधतो. म्हणजेच ज्या स्थिर प्रमाणाच्या आधारावर हे कृत्रिम सागरजल बनविले, तेच तो प्रतिदिनी बिघडवितो. समुद्राच्या अफाट आकारमानात हा व्यय जाणवत नाही. शंभर लिटरांत तो तत्काळ जाणवतो. शिवाय तो सर्व घटकांना सारखा भोवत नाही. सागरजलात दर लिटरला सुमारे ४१२ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्याची क्षारीयता सुमारे २.३ मिलितुल्यांक असते. सांगाडा बांधताना एक मिलितुल्यांक क्षारीयतेमागे केवळ २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. म्हणून क्षारीयता निम्म्यावर उतरते, तेव्हा कॅल्शियम अवघे सहा टक्क्यांच्या आतबाहेर घटलेले असते. केवळ कॅल्शियम मोजून निश्चिंत राहणाऱ्याची येथे फसगत होते.

या व्ययावरचा एक उपाय मराठी घरांना परिचित असलेल्या वस्तूत आहे. ती वस्तू म्हणजे चुन्याची निवळी. पीटर विल्केन्स या युरोपीय तज्ज्ञाने प्रवाळपात्रांत तिचा प्रसार केला. पात्रातून बाष्परूपाने केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात; म्हणून ही तूट गोड्या पाण्याने भरावी लागते. त्या पाण्याऐवजी निवळी घातली, तर सांगाड्यात ज्या प्रमाणात कॅल्शियम व क्षारीयता खर्ची पडतात, त्याच प्रमाणात ती परत मिळतात. निवळीच्या लिटरमध्ये सुमारे दीड ग्रॅम चुना असतो. ती तीव्र अल्कधर्मी असल्याने थेंबाथेंबानेच घालावी. एकदम ओतल्यास सर्व जीव मरतात. मराठवाड्यातील शुष्क वैशाखात बाष्पीभवन अधिक, म्हणून निवळी देण्यास वावही अधिक, हा एक अनपेक्षित लाभ होय.

मात्र तोच वैशाख अन्यथा वैरी आहे. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि प्रवाळपात्राचे पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. तापमान नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा एकदोन अंशांनी काही आठवडे चढले, तरी प्रवाळ आपल्या देहातील सहजीवी शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हीच आपत्ती ओढवली. म्हणून शीतक यंत्र अपरिहार्य ठरते. वीज काही तास खंडित झाली, तर उष्णतेच्या आधी प्राणवायूचा अभावच घात करतो. विहिरीचे पाणी कठीण असल्याने प्रवाळास मानवेल, हा समजही फोल आहे. त्यातील सिलिका व नायट्रेट यांवर अनिष्ट शैवाल माजते. आर. ओ. यंत्रातून गाळलेले पाणी वापरावे, तर प्रत्येक लिटरमागे काही लिटर पाणी वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात हे वाया जाणारे पाणी धुण्याभांड्यांस लावणे, ही काटकसर नसून कर्तव्य आहे.

याखेरीज एक अडसर कायद्याचा आहे, आणि तो योग्यच आहे. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. समुद्रघोडेही तिच्यात आहेत. मुंबईच्या किनारी मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळवसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा महानगरपालिकेलाही या अधिनियमाखाली परवानगी घ्यावी लागली. मग मालवणच्या खडकावरून तोडलेला तुकडा घरच्या पात्रात ठेवण्यास कोणता आधार उरतो? बाजारात तो ‘जिवंत दगड’ या नावाने मिळाला, तरी त्याची जात बदलत नाही.

विष्णुपुरीच्या हौशी अभ्यासकास यातून एक मोकळा मार्ग उरतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची बंदिवासात पैदास करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. अशा पैदाशीतील माशांची जोडी, प्रवाळाऐवजी भाजक्या मातीचे छिद्रमय खडक आणि तेजस्वी दिव्याखाली वाढणारे हिरवे सागरी शैवाल, एवढ्यावर पात्र उभे राहते. शैवाल नायट्रेट शोषून घेते, आणि छाटून काढले की ते नायट्रेट पात्राबाहेर जाते. क्षारीयता, नायट्रेट व तापमान यांची दैनंदिन नोंद ठेवावयाची, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यास एवढे पात्र पुरेसे आहे.