मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग तास वेगळे का?

आजचा प्रश्न साधा आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण १६ तास, पण परत यायला १४-१५. असं का?

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. मोठं विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, म्हणजे हिशोबाने १४ तास. पण हे अंतर मोजलंय पृथ्वीच्या गोलावरून. ग्लोबवर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो पार नॉर्वेवरून जातो! वाटेत एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की विमानाला वळसा घालावा लागतो.

आता वारा. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. थंडीत त्यांचा जोर जास्त.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या शहराच्या असतात. डिसेंबरात रात्री १ ला निघून सकाळी साडेसहाला उतरलात, तर प्रवास साडेपाच तासांचा नव्हे, १६ तासांचा! न्यूयॉर्क तेव्हा आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ.

म्हणून आई-बाबांचं पुढचं कनेक्शन बुक करताना किलोमीटर भागून वेळ काढू नका. तिकिटावरचा एकूण कालावधी बघा आणि मध्ये चांगली तीन-चार तासांची फट ठेवा. इमिग्रेशनची रांग कुठल्याच हिशोबात बसत नाही!